पोत्यावर ‘बेनिन’ लिहिलेलं होतं, आणि ते आम्हीच दाखवलं

नमस्कार ताई,

दिवाळीच्या सुट्टीत आपण कुटुंबासह वेंगुर्ल्यात आमची काजूची बाग आणि कारखाना बघून गेलात. दोन तारे देऊन आपण लिहिलंय की झाडावर औषधालाही काजू नव्हता, कारखान्यात आफ्रिकेची पोती होती म्हणजे कोकणी काजूच्या नावावर फसवणूक चालते, दुकानातला भाव पुण्यापेक्षा जास्त आहे, मुलांना कटिंगजवळ, म्हणजे बी फोडतात तिथे, जाऊ दिलं नाही, बायकांचे फोटो काढू दिले नाहीत, आणि म्हणून तिकिटाचे पैसे परत हवेत. ‘फसवणूक’ हा शब्द चारचौघांत वापरलात, म्हणून उत्तरही चारचौघांतच देतो.

पोत्यांपासून सुरुवात करतो. गोदामात डाव्या हाताला तागाच्या पोत्यांची थप्पी होती, त्यावर बेनिन, म्हणजे पश्चिम आफ्रिकेतल्या देशाचं नाव, छापलेलं होतं. ते आपल्याला दिसलं, कारण आमच्या भाच्याने तिथे थांबून स्वतः दाखवलं. प्रत्येक गटाला तो दाखवतो. लपवायचंच असतं तर गोदामाचं दार बंद ठेवून थेट दुकानात नेलं असतं, तसं करणारेही आहेत.

आता ही पोती लागतात कशाला? आमच्याकडे काजू बी पडते साधारण मार्च ते मे. पावसाच्या आत गोळा करून, दोन-तीन दिवस उन्हात खडखडीत वाळवून जेवढी साठवता येईल तेवढी साठवायची. पण वर्षभराची बी तीन महिन्यांत रोखीने विकत घ्यायला जे भांडवल लागतं, ते आमच्यासारख्या छोट्या कारखानदाराकडे नसतं. बँकेचं व्याज भरून बी साठवली आणि भाव पडला की माणूस बसलाच. तेव्हा गणपतीनंतर इथली बी संपत आली की मंगळूरच्या व्यापाऱ्याकडून आफ्रिकेची बी उचलायची, किंवा कारखान्याला कुलूप लावायचं. कुलूप लावलं तर सोलायला येणाऱ्या बायकांनी पुढच्या मार्चपर्यंत काय करायचं? जगात सगळ्यात जास्त काजू बी आज आयव्हरी कोस्टमध्ये पिकते आणि भारतातले कारखाने फार मोठ्या प्रमाणावर आयात बीवर चालतात. आपण पुण्यात जो काजू घेता, तो कुठल्या बीचा हे त्या दुकानदाराला एकदा विचारून बघा.

फसवणूक कधी झाली असती? त्या बीचा गर ‘वेंगुर्ला काजू’ म्हणून विकला असता तर. वेंगुर्ला काजूला भौगोलिक मानांकन आहे, ते नाव आमच्या फक्त इथल्या बीच्या पाकिटावर असतं. दुसऱ्या पाकिटावर ‘आयात बी, वेंगुर्ल्यात प्रक्रिया’ असं मराठीत, ठळक छापलेलं आहे. दोन्ही पाकिटं एकाच फळीवर शेजारी शेजारी ठेवलेली असतात. आपण दुसरंच पाकीट घेतलंत, कारण ते स्वस्त होतं. त्यात गैर काही नाही, खायला तेही चांगलं असतं.

फरक बघायचा तर भाच्याने आपल्या तळहातावर दोन बिया ठेवल्या होत्या, त्या आठवा. मोठी होती वेंगुर्ला-७, इथल्याच फळ संशोधन केंद्राने काढलेली, १९९७ ची जात. तिची एक बी सुमारे दहा ग्रॅम भरते, म्हणजे किलोत शंभर. शेजारची आयात बी जवळजवळ निम्मी होती. सातची बी फोडली की गर निघतो तीन ग्रॅमचा, पौंडात दीडशेच्या आसपास बसतात. ग्रेडचा आकडा म्हणजे हेच, एका पौंडात किती अख्खे गर. आपण घेतलेला ३२० नंबर, आपण ज्याच्याशी तुलना करताय तो पुण्यातला काजू कोणत्या नंबरचा ते आपण लिहिलेलं नाही. पाकळी (दुभंगलेला गर) आणि तुकडा तर आणखी स्वस्त असतो.

भावाचं गणित अगदी सरळ आहे. चार किलो बीतून जेमतेम किलोभर गर मिळतो, बाकी टरफल आणि साल. बीचा दर किलोला १३० रुपये धरला तरी ५२० रुपये नुसते बीचे झाले. त्यावर वाफ, कटिंग, बोर्म्यात (गरम हवेच्या भट्टीत) सुकवणं, सोलणं, निवडणं, पॅकिंग. त्यात सोलताना मोडलेला गर पाकळीच्या भावात जातो, तो तोटा आमच्याच अंगावर.

मुलांबद्दल मी ऐकून घेणार नाही. काजूच्या टरफलात जे तेल असतं ते कातडी जाळतं. कटिंगला बसणाऱ्या बायका हाताला तेल चोपडून, मोजे घालून बसतात, तरी बोटांची टोकं काळी पडलेली असतात. यंत्राचं पातं पायाने दाबलं की बी फुटते आणि कधी कधी तेलाची चिळकांडी उडते. आठ वर्षांच्या पोराच्या डोळ्यात ती गेली असती तर आपण दोन तारेही दिले नसते. पिवळ्या पट्ट्याच्या अलीकडून बघायचं, हा नियम कलेक्टर आले तरी तोच राहील.

फोटोचंही तेच. सोलणाऱ्या बायकांची मजुरी वजनावर असते, किती किलो गर सोलला त्यावर. मान वर करून हसा, इकडे बघा, तो गर हातात धरा, असं दिवसातून चार गटांनी म्हटलं की त्यांचा किलो-दीड किलो जातो. शिवाय त्यांनीच मला सांगितलंय, फोटो नको. त्यांचा कारखाना आहे तेवढाच तो माझा.

बागेचं म्हणाल तर नोव्हेंबरात काजूला पालवी असते. मोहोर त्यानंतर येतो आणि बोंडू, म्हणजे काजूची फळं, पिकतात ते उन्हाळ्यात. बुकिंगच्या मेसेजमध्ये पहिल्या ओळीत हे लिहिलेलं असतं, तरीही दिवाळीत येणाऱ्यांची संख्या बोंडूच्या दिवसांपेक्षा जास्त असते. शाळांच्या सुट्ट्या काजूला विचारून लागत नाहीत, त्याला इलाज नाही. (फेणी का चाखायला दिली नाही, असंही आपण विचारलंय. आमच्याकडे परवाना नाही. गोवा जवळच आहे.)

पैसे परत देणार नाही. जे दाखवू म्हणून सांगितलं होतं ते सगळं दाखवलं, जेवणही झालं, आणि ओल्या काजूची उसळ नसल्याचं फळ्यावर आधीच लिहिलेलं होतं. मात्र बोंडू लगडलेली झाडं बघायची राहिलीत हे खरं. मार्चच्या शेवटापासून एप्रिल संपेपर्यंत कधीही या, सकाळी लवकर, बी वेचायला बायका जातात तेव्हा. त्या फेरीत बागेचं तिकीट आपल्या चौघांकडून घेणार नाही. कारखान्याचं मात्र लागेल.