‘आपल्या मुलांवर संस्कार आहेत’ म्हणणाऱ्यांना

आज सकाळी आमच्या इथल्या, म्हणजे नॉर्थ कॅरोलायनातल्या कॅरीच्या परिसरातल्या, एका मराठी शाळेच्या पालकांची बैठक झाली. इंटरनेटवर मुलांना गाठून त्यांचा छळ करणाऱ्या टोळ्यांविषयी पालकांशी तासभर बोलावे असे मी सुचवले, तेव्हा एक गृहस्थ म्हणाले, ‘‘ताई, गणपतीच्या तोंडावर असले विषय नकोत. आपल्या मुलांवर संस्कार आहेत.’’ काही जणांनी माना डोलावल्या आणि चर्चा प्रसादाच्या यादीकडे वळली. दुपार सरली तरी माझा संताप ओसरलेला नाही.

माझ्या एका मैत्रिणीच्या तेरा वर्षांच्या मुलीने गेल्या वर्षी अचानक हट्ट धरला की घरातले मांजर कुणाला तरी देऊन टाका. त्या मांजराला कुशीत घेऊन झोपणारी मुलगी, पण कारण काही सांगेना. रडून, जेवण सोडून तिने ते द्यायला लावले. आईला वाटले, वयात येते आहे, लहरी झाली असेल. पुढे सगळे उघडकीला आले तेव्हा कळले की त्या मांजराला कॅमेऱ्यासमोर इजा करण्याचा हुकूम तिला झाला होता, आणि स्वतःची सुटका करता येत नव्हती म्हणून तिने निदान त्याची केली होती.

असे हुकूम सोडणाऱ्या टोळ्यांना अमेरिकेच्या तपासयंत्रणा शून्यवादी, म्हणजे कशालाच किंमत न देणारे, हिंसक अतिरेकी म्हणतात. त्यांतले ‘७६४’ हे सर्वांत कुप्रसिद्ध जाळे २०२१ मध्ये टेक्सासमधल्या स्टीफनव्हिल गावातल्या एका शाळकरी वयाच्या मुलाने सुरू केले आणि आपल्या परिसराच्या झिपकोडचे (आपल्याकडच्या पिनकोडसारख्या क्रमांकाचे) पहिले तीन आकडे त्याला नाव म्हणून दिले. त्याला ८० वर्षांची शिक्षा झाली, जाळे मात्र चालूच राहिले. रोब्लॉक्स किंवा माइनक्राफ्टसारख्या खेळात एकटे पडलेले, खचलेले मूल हेरायचे, त्याच्याच वयाचे असल्याचे भासवून रात्र रात्र त्याचे ऐकून घ्यायचे, मग त्याला डिस्कॉर्ड किंवा टेलिग्रामसारख्या गप्पांच्या अ‍ॅपवर न्यायचे, एक नको ते छायाचित्र मिळवायचे आणि त्याच्या धाकावर त्या मुलाला स्वतःलाच इजा करायला लावून त्याचे चित्रण जमवायचे, ही त्यांची पद्धत. ज्याच्याकडचे चित्रण अधिक क्रूर, त्याला टोळीत अधिक मान. पैसे उकळणे हा बहुधा हेतूच नसतो, त्यामुळे बँकेच्या खात्यातून काही जात नाही, मूल घराबाहेर पडत नाही, आणि आपण ज्या खुणांकडे लक्ष ठेवून बसलेलो असतो त्यांपैकी एकही दिसत नाही.

हे दूर कुठे घडते असे वाटणाऱ्यांना सांगते की, एप्रिल २०२५ मध्ये याच जाळ्याच्या एका कथित म्होरक्याला अटक झाली ती हाय पॉइंटमध्ये, आपल्यापासून गाडीने दीड तासावर. त्याचा कथित साथीदार ग्रीसमध्ये पकडला गेला. एफबीआयच्या सर्वच्या सर्व ५५ विभागीय कार्यालयांत अशी प्रकरणे आहेत. कॅनडाने तर २०२५ च्या डिसेंबरमध्ये ‘७६४’ला दहशतवादी संघटनांच्या यादीत घातले.

मान्य, खेळ खेळणाऱ्या बहुतेक मुलांच्या वाट्याला हे येत नाही, आणि आपलीच मुले डिस्कॉर्डवर रोबोटिक्सची तयारीही करतात.

पण संस्कारांचे म्हणाल, तर त्या मुलीला दिलेली मुख्य धमकी कोणती होती ते ऐका: ‘‘हा फोटो तुझ्या आईबाबांना पाठवीन.’’ तिचे वडील अतिशय प्रेमळ आहेत, त्यांनी तिच्यावर कधी हात उगारलेला नाही. तरीही अनोळखी राक्षसापेक्षा तिला बाबांच्या पडलेल्या चेहऱ्याची, साताऱ्याच्या आजीपर्यंत गोष्ट पोचण्याची भीती जास्त वाटली, कारण ‘घराण्याचे नाव’ हे शब्द ती जन्मापासून ऐकत आली होती. त्या टोळीला जो धाक लागतो तो आपण घरात आयता तयार करून ठेवतो, आणि वर त्यालाच संस्कार म्हणतो. याची मला विलक्षण चीड येते.

मुलगे असणाऱ्यांनीही निर्धास्त राहू नये. जून २०२५ मध्ये हॅम्बुर्गमध्ये पकडलेला वीस वर्षांचा तरुण आईवडिलांच्या घरीच राहत होता, आणि अमेरिकेतल्या एका तेरा वर्षांच्या मुलाला आत्महत्येला प्रवृत्त केल्याचा आरोप त्याच्यावर आहे. ब्रिटनच्या नॅशनल क्राइम एजन्सीनेही अशा टोळ्यांत मुख्यतः किशोरवयीन मुलगेच असल्याचे सांगितले आहे. आपला मुलगा छळला जात नाही ना, एवढे पाहून भागत नाही. तो कुणाचा छळ पाहत, त्याला दाद देत तर बसलेला नाही ना, हेही पाहावे लागते.

हे लिहिता लिहिता त्या गृहस्थांवरचा राग थोडा निवळला आहे. त्यांना दोन लहान मुली आहेत, आणि माणूस भीतीपोटीही विषय टाळतो. माझी मैत्रीणही ते मांजर गेल्याचे आठवले की अजून गप्प होते.

त्यामुळे निदान एवढे वाचून ठेवा. भर उन्हाळ्यात पूर्ण बाह्या, अंगावरच्या न सांगता येणाऱ्या जखमा, पाळीव प्राण्याशी अचानक बदललेले वागणे दिसले तर फोन हिसकावू नका आणि संदेश पुसू नका, कारण तोच पुरावा असतो. मुलाला आधी सांगा की तुझी चूक नाही. मग पोलिसांना आणि एफबीआयला कळवा; हरवलेल्या व शोषित मुलांसाठीच्या राष्ट्रीय केंद्राचा १-८००-८४३-५६७८ हा क्रमांक आहे, आणि छायाचित्रांचा प्रसार थांबवण्यासाठी त्यांची ‘टेक इट डाउन’ ही विनामूल्य सेवाही आहे. शाळेत जागा मिळणार नसेल, तर माझ्या घरच्या बैठकीच्या खोलीत वीस माणसे सहज मावतात. ज्यांना यायचे आहे त्यांनी मला इनबॉक्समध्ये कळवा. गणपतीच्या आधीच बसू.