कॅमेरा तारेच्या कुठल्या बाजूला?

नमस्कार काका,

इंग्रजांनी ‘गुन्हेगार’ ठरवलेल्या जमातींना जिथं कोंडलं, त्या आपल्या सोलापूरच्या सेटलमेंटवर कुणीतरी सिनेमा करावा, असं मी मागच्या लेखात लिहिलं. त्यावर तुमचं म्हणणं असं, की सोलापूरची ओळख चार हुतात्म्यांची आणि चादरीची आहे, जुनी घाण कशाला उपसायची? शिवाय असले सिनेमे म्हणजे गरिबांचं दुःख विकून बक्षिसं मिळवायचा धंदा. दोन्ही गोष्टी मनाला लागल्या, म्हणून सविस्तर लिहितोय.

हुतात्म्यांचंच बघा. धनशेट्टी, सारडा, शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना १२ जानेवारी १९३१ला येरवड्यात फाशी दिलं. त्याच काळात, त्याच सरकारनं आपल्याच गावात तारेच्या कुंपणाआड कैकाडी, पारधी, टकारी अशा जमातींची कुटुंबं कोंडली होती. गुन्हा काय, तर त्या घरात जन्म. १८७१चा गुन्हेगार जमाती कायदाच तसा होता. बाहेर जायला पास, ठरल्या वेळी हजेरी. त्यातली कितीतरी माणसं आपल्या गिरण्यांत राबली. ज्या कापडाचा आपल्याला अभिमान, त्यात त्यांचाही घाम आहे. देशभरातून तो कायदा गेला ३१ ऑगस्ट १९५२ला. एकाच सत्तेनं केलेले हे दोन जुलूम. एकाचे आपण पुतळे उभारले, दुसऱ्याला तुम्ही घाण म्हणता. आणि ‘सेटलमेंटचा आहे’ हे आजही गावात कुठल्या सुरात म्हणतात, ते तुम्हीही ऐकलंय.

दुःख विकण्याबद्दल मात्र तुमचं पुष्कळसं पटतं. पारध्यांवरचा एक माहितीपट मी पाहिला होता. पालावरच्या म्हातारीचा सुरकुतलेला चेहरा, मागे बासरी, वर पुस्तकी मराठीतलं निवेदन. शेवटपर्यंत त्या म्हातारीला एक वाक्य बोलू दिलं नाही. फार चीड आली होती मला.

पण ‘फँड्री’ तसा नाही. करणारा माणूस, नागराज मंजुळे, आपल्याच जिल्ह्यातला, जेऊरचा. नाव कैकाडी भाषेतलं, अर्थ डुक्कर. डुकरामागे धावणारं ते कुटुंब शाळेतलं राष्ट्रगीत ऐकून जागच्या जागी ताठ उभं राहतं, तो प्रसंग आठवा. २०१४ साली मी तो इथल्याच थिएटरात पाहिला. पडद्यावर बघे हसत होते, तसे आमच्या रांगेतही हसत होते. मीसुद्धा हसलो. मग त्या घरातल्या पोरानं, जब्यानं, भिरकावलेला दगड सरळ आमच्याच अंगावर आला. त्या दगडाला दुःखाची विक्री म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

असंच एक बाहेरचं उदाहरण. कॅनडात १९९० साली मोहॉक या तिथल्या मूळनिवासी लोकांच्या दफनभूमीलगत गोल्फचं मैदान वाढवायचं ठरलं. लोक आडवे उभे राहिले, सैन्य आलं, ७८ दिवस पेच चालला. अ‍ॅलनिस ओबोमसाविन ही माहितीपट करणारी, अबेनाकी या दुसऱ्या मूळनिवासी जमातीतली बाई कॅमेरा घेऊन वेढ्याच्या आत, त्या लोकांसोबत राहिली. वेढ्याबाहेर उभं राहून तिला हे दिसलं नसतं. कुठलाही सिनेमा बघताना मी आता एवढंच बघतो, की कॅमेरा तारेच्या कुठल्या बाजूला आहे.

तुमचे वडील गिरणीत जॉबर, म्हणजे कामगारांवरचे मुकादम होते, असं तुम्ही एकदा लिहिलं होतं. त्यांच्या खात्यात सेटलमेंटमधून येणारे कामगार असणारच. ते त्यांच्याबद्दल घरी काय बोलायचे? आठवत असेल तेवढं लिहा. चांगलं-वाईट, दोन्ही.