रॉबिन विल्यम्स यांच्या ऑस्करबद्दल खुलासा
‘अलादीन’मधल्या जिनीच्या आवाजासाठी रॉबिन विल्यम्स यांना ऑस्कर मिळालं, असा मेसेज परवा मीच आमच्या कोथरूडच्या नाट्यवाचन ग्रुपवर टाकला होता. ते चूक आहे, माफ करा. काल ऑस्करची अधिकृत यादी तपासली. ऑस्कर त्यांना १९९८ मध्ये मिळालं, तेही ‘गुड विल हंटिंग’मधल्या सहाय्यक भूमिकेसाठी. जिनीसाठी मिळाला तो विशेष गोल्डन ग्लोब. सॅन फ्रान्सिस्कोच्या क्लबांत स्टँड-अप करत तयार झालेल्या या माणसाने जिनीचे कित्येक संवाद माइकसमोर उत्स्फूर्त रचले होते. मला तर ते काम ऑस्करच्या तोडीचंच वाटतं. पण नुसत्या आवाजाला अभिनयाचं ऑस्कर आजवर कुणालाच मिळालेलं नाही. जुना मेसेज कृपया पुढे पाठवू नका. पाठवला असेल, तर तिथे हा खुलासाही टाका.