टोळक्याची तक्रार करायचीय? मग हे वाचून जा

सगळ्यात आधी 'समाजकंटक' वगैरे शब्द डोक्यातनं काढून टाका. तुमच्या बिल्डिंगखाली रात्री बाराला ॲक्टिव्हाच्या सीटवर पाच केक मांडून ते कोयत्याने कापणारा आणि हाताला लागलेलं क्रीम तुमच्या गाडीच्या काचेला पुसणारा मुलगा समाजकंटक नसतो. तो परिसराचा आधारस्तंभ असतो, चौकातल्या फ्लेक्सवर तसं लिहिलंय, खाली शुभेच्छुक म्हणून पन्नासेक पासपोर्ट साईज चेहरे आहेत आणि नीट बघितलंत तर त्यात तुमच्या सेक्रेटरींचा मुलगाही आहे, गॉगल घातलाय म्हणून पटकन ओळखू येत नाही इतकंच. आता विनापरवाना फ्लेक्स लावणं हा १९९५ च्या मालमत्ता विद्रूपण प्रतिबंध कायद्याखाली गुन्हा आहे, तशी सूचना देणारा बोर्डसुद्धा त्याच चौकात आहे, फक्त तो फ्लेक्सच्या मागे गेलाय.

तरीही तुम्हाला खाज असेलच, तर पहिली पायरी सोसायटीचा व्हॉट्सॲप ग्रुप. तिथे टाका की काल रात्री फार त्रास झाला. सकाळपर्यंत सत्तावीस नमस्कार येतील, 'कोणीतरी बोललं पाहिजे', 'सगळे मिळून जाऊ', 'मी गावाला आहे पण माझा पाठिंबा धरा', आणि एकजण कुठल्यातरी तिसऱ्याच शहरातल्या मारामारीचा व्हिडिओ फॉरवर्ड करेल. रविवारी अकराला गेटवर जमायचं ठरतं. जमता तुम्ही आणि दुसऱ्या मजल्यावरचे काका. काकांना पार्किंगबद्दल बोलायचं असतं.

ग्रुपवर एक गोष्ट मात्र कटाक्षाने पाळा, 'बाहेरची पोरं' असंच लिहायचं. बाहेरची म्हणजे पलीकडच्या वस्तीतली, हे सगळ्यांना कळतं. कट्ट्यावर बसलेला प्रत्येकजण गुंड असतो असं नाही, निम्मे तर घरात पाय पसरायला जागा नाही म्हणून बसलेले असतात, पण तपशिलात जाऊ नका. आपल्याच ए विंगमधल्या इंजिनियरिंगवाल्याने गच्चीवरनं बाटली खाली टाकली तर ते वय असतं, वस्तीतल्या पोराने नुसती बुलेट रेस केली की ती गुन्हेगारी.

मग 'माननीयां'कडे जायची प्रथा आहे. मार्च २०२२ मध्ये पालिकेतल्या नगरसेवकांची मुदत संपली आणि जानेवारी २०२६ च्या निवडणुकीपर्यंत पुण्यात माननीय म्हणजे एकतर माजी होते नाहीतर भावी. माजी म्हणायचे आता माझ्या हातात काही नाही, भावी म्हणायचे निवडून आलो की बघतो, आणि दोघांचेही फोटो वरच्याच फ्लेक्सवर असायचे, फक्त जरा मोठ्या साईजमध्ये.

शेवटी फोन. १०० चे दिवस गेले, आता ११२. उगीच नावं ठेवायला नकोत, फोन उचलतात, बऱ्याचदा गाडीही येते. फक्त पत्ता सांगताना 'मारुतीच्या मागची गल्ली, जिथे आधी गिरणी होती' असलं पुणेरी वर्णन करू नका, फोन घेणारा माणूस पुण्यात बसलेला असेलच असं नाही. मार्शल, म्हणजे गस्तीवरचे पोलीस, येतात. पोरं तोवर पांगलेली, दोघंतिघं उरलेली ती साहेबांना वाकून नमस्कार करतात. आणि मग मार्शल गेटवर उभं राहून, सहाव्या मजल्यापर्यंत स्पष्ट जाईल अशा आवाजात वॉचमनला विचारतात, "फोन कुणी केलता रे? चारशे तीन ना?"

झालं. गॅलऱ्यांमधले लाईट पटापट बंद. तक्रारदाराची ओळख विचारत बसू नका आणि कुणाला सांगू नका, असं मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्येच लाऊडस्पीकरच्या प्रकरणात पोलिसांना बजावलंय, पण हायकोर्ट फोर्टात आहे आणि मार्शल तुमच्या गेटवर.

आवाजाचीच तक्रार असेल तर नियम पाठ करून जा, २००० सालचे ध्वनी प्रदूषण नियम, रहिवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री म्हणजे दहा ते सहा ४५. ४५ म्हणजे तुमच्या घरातला मिक्सरसुद्धा गुन्हेगार. तर तुम्ही मोबाईलवर ॲप टाकता, आकडा नव्वदच्या वर जातो, स्क्रीनशॉट घेऊन चौकीत जाता. ॲप चालत नाही, मशीन लागतं. मशीन कुठंय? साहेबांकडे. साहेब? बंदोबस्ताला. आता पुण्यात पालखी, गणपती, व्हीआयपी दौरा, मॅच, जयंती यातलं काहीच नाही असा दिवस कॅलेंडरात शोधून ठेवा आणि शक्यतो त्याच दिवशी त्रास करून घ्या.

चौकीत पुढचा प्रश्न हद्दीचा. रस्त्याची डावी बाजू यांच्याकडे, उजवी दुसऱ्या स्टेशनला, आणि पोरं बसतात दुभाजकावर. तुम्ही हुशार असाल तर म्हणाल की नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे हद्द कुठलीही असो, खबर घ्यावीच लागते. बरोबर, पण त्यासाठी गुन्हा दखलपात्र पाहिजे. काचेवर क्रीम पुसणं आणि आईवरनं शिवी देणं यांना एनसी मिळते. एनसी म्हणजे तुमची तक्रार व्यवस्थित लिहून घेतात, एक कॉपी देतात आणि मॅजिस्ट्रेटचा आदेश आल्याशिवाय तपास करत नाहीत. कॉपी लॅमिनेट करून घ्या, पुढच्या एनसीच्या वेळी दाखवायला बरी पडते.

शिक्षेबद्दल मात्र निराश व्हायचं कारण नाही. दारू पिऊन रस्त्यात धिंगाणा घातला तर जुन्या आयपीसीत जास्तीत जास्त दहा रुपये दंड होता, १ जुलै २०२४ पासून न्याय संहितेत तो हजारापर्यंत गेलाय, चोवीस तासांपर्यंत कैद होऊ शकते किंवा समाजसेवा करायला लावतात. समाजसेवेची शिक्षा ज्याने सुचवली त्याने आमच्या पोराचा फ्लेक्स वाचलेला नसणार, तिथे नावाच्या आधी 'युवा समाजसेवक' आधीच छापलंय.

दखलपात्रच पाहिजे असेल तर मग वाट बघा. एखाद्या रात्री दोन टोळक्यांचं आपसात काहीतरी बिनसतं आणि रस्त्याकडेला लावलेल्या रिक्षा, टेम्पो, आयटीवाल्याची कर्जावरची कार, ज्यांचा त्या भांडणाशी काडीचाही संबंध नाही अशा सगळ्यांच्या काचा फुटतात. तेव्हा बघा यंत्रणा कशी हलते. सीसीटीव्ही मिळतो, रात्रीत पोरं उचलली जातात, त्यातली काही सोळा वर्षांचीही नसतात, कागदावर त्यांना विधिसंघर्षग्रस्त बालक म्हणतात, आणि जी सज्ञान असतात त्यांची त्याच चौकात धिंड निघते. आपण गॅलरीतनं टाळ्या वाजवत शूटिंग करतो. महिन्याभराने तोच व्हिडिओ त्याच पोराच्या अकाऊंटवर, मागे गाणं लावून. मध्यंतरी, २०२३ मध्ये, कोयता विकताना गिऱ्हाईकाचं आधार कार्ड घ्या असंही दुकानदारांना सांगून झालं. म्हणजे नारळ सोलायला कोयता पाहिजे असेल तर झेरॉक्स घेऊन जा.

एवढं सगळं करूनही तुम्ही मागे हटला नाहीत, तर शेवटचा टप्पा येतो आणि तो नवख्या माणसाला अजिबात माहीत नसतो. पोरं क्रॉस कंप्लेंट देतात. काकांनी शिवीगाळ केली, काठी उगारली, आमच्या गाडीची हवा सोडली. (हवा तुम्ही सोडली असेल तर मला सांगू नका.) आधी चौकीत दोघांना शेजारी शेजारी बसवून "आपसात मिटवून घ्या ना, रोज तोंडं बघायचीत" होतं, चहा होतो. नाही मिटलं तर दोन्ही बाजूंवर प्रतिबंधक कारवाई, कलम १२६, पूर्वीचं १०७, बोलीभाषेत चॅप्टर. एसीपी ऑफिसला तारीख लागते, बाकावर एका टोकाला तुम्ही स्वेटर घालून, दुसऱ्या टोकाला ते मोबाईलवर गेम खेळत. तुमचं नाव पुकारतात आणि तुम्ही पुढचं वर्षभर परिसरात शांतता राखीन असं लिहून द्यायचं असतं.

जामीनदार मागितला तर सोसायटीतलं कुणी येणार नाही, ते ग्रुपवर पाठिंबा देऊन मोकळे झालेत. त्या पोरांच्या भाऊंना विचारून बघा, रोजचं जाणंयेणं असतं त्यांचं तिथे, आणि शेजारधर्म म्हणून नाही म्हणणार नाहीत.