विश्वसाहित्याचे जाणकार व्हा, घरबसल्या नागपुरात!

नागपुरात मान मिळवायचे रस्ते तसे थोडेच. राजकारणात गर्दी फार. सावजीचं हॉटेल काढायचं तर मसाल्यात हात घालावा लागतो. कवी व्हावं म्हटलं तर प्रत्येक गल्लीत चार जण आधीच वही घेऊन बसलेले. राहता राहिलं एकच क्षेत्र. तिथे भांडवल लागत नाही, परीक्षा नाही आणि कोणी उलटतपासणी घेत नाही. परदेशी कादंबरीकारांचे जाणकार व्हा!

वाचायची भानगड नको. वाचलेला माणूस बोलताना अडखळतो, कारण पुस्तकात काय होतं ते त्याला मधूनच आठवतं. तुम्हाला ती अडचण नाही. फक्त एक पथ्य पाळा. लेखक लांबचा आहे तोवरच थोर आहे. त्याला वर्धा नदीच्या अलीकडे येऊ द्यायचं नाही. आणि त्याच्याबद्दल बोलताना एकेरीत बोला. विदर्भातल्या लेखकाला ‘सर’, पण तुर्कस्तानच्या पामुकला ‘तो’. अशाने तुमची आणि त्याची जुनी बैठक असावी असं वाटतं.

सुरुवात गाब्रिएल गार्सिया मार्केसपासून करावी. कोलंबिया, १९८२चं नोबेल आणि ‘जादुई वास्तववाद’ एवढा ऐवज खिशात असला की वर्षभर निभतं. सिमेंटचा रस्ता परवा झाला आणि आज पाइपसाठी खणला? मान हलवून म्हणा, ‘मार्केस!’ मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर गेला आणि चप्पल डांबरात रुतली, की कूलरसमोर डोळे मिटून ‘माकोंदो’ (त्याच्या कादंबरीतलं गाव) एवढंच पुटपुटा. तुम्हाला ऊन लागलं असं समजून घरचे कांदा हुंगायला देतील, पण बाहेर छाप पडते.

एक गोष्ट मात्र लपवा. वाट्टेल ती अद्भुत गोष्ट सरळ चेहऱ्याने सांगायची रीत आपण आजीकडून घेतली, असं हा माणूस स्वतःच सांगत असे. आराकाताका नावाचं केळीच्या बागांचं गाव, तिथलं आजोळ आणि आजीच्या मेलेल्या माणसांच्या गोष्टी. हे बाहेर फुटलं की कोणीतरी म्हणणारच, “अशी आजी तं आमच्या काटोललेबी होती नं!” केळीच्या जागी संत्री घातली की संपलं तुमचं कोलंबिया. १९६६मध्ये मेक्सिकोहून ब्वेनोस आयरेसला त्या माकोंदोच्या कादंबरीचं हस्तलिखित पाठवताना नवराबायकोजवळ टपालाला पैसे पुरले नाहीत, म्हणून अर्धंच पाठवलं, हेही सांगू नका. ऐकणारे हळवे होतात, आणि हळवा माणूस पुस्तक वाचायला मागतो.

काफ्का तर नागपूरकरांसाठीच जन्मला होता. फेरफार अडला, पेन्शनच्या कागदावर एक सही कमी पडली, ‘साहेब दौऱ्यावर आहेत’ ऐकून परत फिरावं लागलं, की मागच्याला ऐकू जाईल अशा बेताने म्हणायचं, “निव्वळ काफ्का आहे बापा इथं.” रांग वळून बघते. पण स्वतः काफ्का खिडकीच्या कोणत्या बाजूला बसायचा, याची वाच्यता नको. तो प्रागमधल्या कामगार अपघात विमा संस्थेत नोकरीला होता. कारखान्यात हातपाय गमावलेल्या मजुरांच्या फायली बघायचा. लाकडाच्या यांत्रिक रंध्यांनी बोटं कशी तुटतात आणि ती कशी वाचवावीत, यावर त्याने रीतसर अहवाल लिहिलेत. बढत्याही मिळाल्या. दुपारी दोनला ऑफिस सुटायचं, लिखाण रात्री. आता खिडकीपलीकडे खर्रा घोटत बसलेले बाबू रात्री घरी जाऊन काय लिहीत असतील, ही शंका एकदा शिरली की ऑफिसात आवाज चढवून बोलता येत नाही. त्यापेक्षा मॅक्स ब्रॉडचा किस्सा सांगा. माझं सगळं जाळून टाक असं काफ्काने या मित्रासाठी लिहून ठेवलं आणि याने काही जाळलं नाही. स्वतःच्या कविता रोज पहाटे व्हॉट्सॲपवर टाकणारे आपले मित्र हे ऐकून काही बोध घेतील, अशी आशा मात्र ठेवू नका.

काफ्काहून धोक्याचा इसम म्हणजे नजीब महफूझ. इजिप्तचा. अरबीत लिहिणाऱ्याला मिळालेलं पहिलं नोबेल याचं, १९८८चं. पिरॅमिड, नाईल, वाळवंट असं काहीबाही बोलून वेळ मारून न्या, खोलात शिरू नका. खोलात सगळी सरकारी नोकरी आहे. हा माणूस निवृत्त होईपर्यंत खात्यात कारकुनी आणि पुढे साहेबकी करत राहिला. ठरल्या वेळी ऑफिस, ठरल्या वेळी लिखाण, ठरल्या कॅफेत मित्रांचा अड्डा. बक्षीस घ्यायला स्टॉकहोमलाही गेला नाही, मुलींना पाठवलं. नागपुरात निम्मं गाव सरकारी नोकरीत आणि उरलेलं निम्मं पेन्शनीत. ‘वेळच मिळत नाही हो, नाहीतर डोक्यात अख्खी कादंबरी तयार आहे’ या वाक्यावर आपली किती मोठमोठी माणसं उभी आहेत! तुमच्या एका महफूझने ती सगळी कोसळायची.

त्याच्या १९५६-५७मधल्या तीन कादंबऱ्यांची नावं तर अजिबात उलगडू नका. ती जुन्या कैरोतल्या गल्ल्यांची नावं आहेत. कैरो म्हणून ती कानाला गोड लागतात. उद्या महालातल्या एखाद्याने तीन भागांची कादंबरी लिहून नावं दिली ‘बडकस चौक’, ‘केळीबाग’ आणि ‘गोळीबार चौक’, तर दुकानदार ती सिटी बसच्या टाइमटेबलशेजारी ठेवेल. आणि तुम्हीच पहिले हसाल. हसायलाच हवं. बाप दुकानात, मधला पोरगा मोर्चात, आई जाळीच्या खिडकीआडून गल्ली बघतेय, असलं घर कैरोत असतं तेव्हा त्याला महाकादंबरी म्हणतात. इतवारीत असतं तेव्हा त्याला शेजार म्हणतात.

पामुकचं पुष्कळ सोपं आहे. इस्तंबूल, बर्फ, उदासी, २००६चं नोबेल. त्याने आधी वस्तुसंग्रहालयावर कादंबरी लिहिली आणि मग २०१२मध्ये खरोखरच ते संग्रहालय उघडलं. नायकाने प्रेयसीची ओढून टाकलेली सिगारेटची थोटकं जपली होती, ती ४,२१३ थोटकं तिथे भिंतीवर ओळीने लावलीत. हे सांगताना आवाज जरा खोल करा. फक्त पानटपरीजवळ सांगू नका. तिथला एखादा विचारेल, “म्हणजे खर्र्याच्या पन्न्या जमा केल्या तं आपल्यालेबी नोबेल भेटन काय?” याला साहित्यशास्त्रात उत्तर नाही.

टॉलस्टॉय आणि दोस्तोयव्हस्की यांच्यावर फार श्रम नकोत. सोव्हिएत काळात स्वस्तात मिळालेले जाड रशियन ग्रंथ वडिलांनी ठेवले असतील, तर ते शोकेसमध्ये ट्रॉफीच्या शेजारी लावा, पुरे. टॉलस्टॉयला नोबेल मिळालं नाही हे वाक्य स्वतःला पुरस्कार हुकला त्या आठवड्यात वापरावं. दोस्तोयव्हस्कीने १८६६मध्ये कर्जापायी २६ दिवसांत एक कादंबरी तोंडी सांगून लिहवून घेतली आणि लिहून घेणाऱ्या ॲनाशी पुढे लग्न केलं, हा किस्सा लग्नाच्या पंगतीत चालतो.

तुमचं स्वतःचं पुस्तक येत असेल तर (येणारच, नागपुरात सुटका नाही) फ्रेंच कादंबरीकार प्रूस्त जवळ बाळगा. १९१३मध्ये प्रकाशकांनी नाकारलं म्हणून कादंबरीचा पहिला भाग त्याने पदरच्या पैशांनी छापला. नकार देणाऱ्यांत लेखक आंद्रे जीद होता आणि नंतर त्याने माफीही मागितली. प्रकाशन समारंभात शाल-श्रीफळ झालं की हे सांगायचं. सभागृहात पहिल्या दोन रांगा नातेवाइकांच्या असतात, ते टाळ्या वाजवतात. थांबायचं मात्र तिथेच. पुढे हा माणूस सात भाग लिहितो, छपाईच्या प्रुफांच्या कडांवर नवी पानंच्या पानं चिकटवत जातो, १९२२मध्ये मरतो तेव्हाही शेवटच्या भागांवरचं काम सुरूच असतं, ही माहिती तुमच्या गैरसोयीची आहे. तुमच्या पुस्तकात अर्पणपत्रिकेतच दोन चुका राहिल्यात.

न्गुगी वा थिओंगो हे नाव चारचौघांत घेतलं की कोणी विरोध करत नाही, कारण उच्चार कोणालाच येत नाही. पण शाळा सुटायच्या वेळी इंग्रजी शाळेच्या गेटवर उभे असाल तर ते टाळा. तिथे आपले परममित्र कौतुकाने सांगत असतात, “आमचा नातू नं, मराठी बोलतच नाही. समजते फक्त.” अशा मंगल क्षणी केनियाच्या त्या लेखकाने इंग्रजीत नाव कमावल्यावर कादंबरीसाठी इंग्रजी सोडली, गिकुयू या आपल्या मायबोलीत लिहायला लागला, १९७८ साली तुरुंगात कागद मिळेना तर टॉयलेट पेपरवर कादंबरी लिहिली, असलं काही काढाल तर मैत्री तुटते. नातू ते ऐकेल आणि टॉयलेटला हसेल, तेवढाच फायदा.

आता वर्षातला मुख्य सण. ऑक्टोबरातला तो गुरुवार, आपल्याकडचे दुपारचे साडेचार. त्या वेळी झोपू नका. नोबेल जाहीर झाल्यावर पाचव्या मिनिटाला ‘अखेर! मी यांना केव्हाचा वाचतोय’ असं टाकता आलं पाहिजे. २०२४चा १० ऑक्टोबर आठवा. हान कांग हे नाव आलं, साहित्याचं नोबेल कोरियाला पहिल्यांदाच. त्याच रात्री सावजीकडे एक विद्वान रश्श्यात भाकर कुस्करत सांगत होते, की लेखिकेने शाकाहाराचा फार प्रभावी प्रचार केलाय. ‘द व्हेजिटेरियन’ हे पुस्तकाचं नाव तेवढं त्यांना माहीत होतं. त्यातल्या बाईने मांस सोडलं म्हणून बाप तिच्या तोंडात ते बळेच कोंबतो आणि मागोमाग सगळं घर विस्कटतं, हे कळलं असतं तर बिचाऱ्यांचं जेवण राहिलं असतं. न वाचण्याचे असे आरोग्यविषयक फायदेही आहेत. २०२५ला क्रास्नाहोरकाई आला तेव्हा त्यांनी सावधपणे फक्त ‘हंगेरी!’ एवढंच लिहिलं. पानापानांची एकेक वाक्यं लिहिणाऱ्याला एका शब्दात उरकलं.

याच सुमारास दसरा येतो. २०२४मध्ये तो लगेच १२ तारखेला होता. त्या दिवसांत दीक्षाभूमीकडे फिरकू नका, मी कळकळीने सांगतो. तिथे पुस्तकांच्या स्टॉलांच्या रांगाच रांगा असतात आणि लोक, काय सांगावं, पुस्तकं विकत घेतात. यवतमाळहून, नांदेडहून, कुठून कुठून आलेले, रात्री उघड्यावर झोपलेले लोक. पांढऱ्या लुगड्यातली एखादी म्हातारी, चष्म्याची काडी दोऱ्याने बांधलेली, ‘फकिरा’ हातात घेऊन मधलंच अर्धं पान उभ्या उभ्या ओठ हलवत वाचते. किंमत विचारते. पिशवीतल्या पिशवीतून दहा-दहाच्या नोटा काढून दोनदा मोजते. आणि पुस्तक गाठोड्यात, घडीच्या लुगड्याच्या पोटात खुपसते. ती ते घरी नेऊन वाचणार किंवा नातीकडून वाचून घेणार. तिने मार्केसचं नाव ऐकलेलं नाही. तुम्ही तिच्याशी काय बोलणार?

शिवाय अण्णाभाऊ साठ्यांचा लेखक म्हणूनही त्रासच आहे. शाळेचं तोंड जेमतेम पाहिलेला माणूस घाटकोपरच्या चिरागनगरातल्या झोपडीत बसून लिहितो, १९५९मध्ये ‘फकिरा’ देतो, रशियाला जाऊन येतो आणि त्या प्रवासावर पुस्तकही लिहितो. दोस्तोयव्हस्कीच्या देशात नागपूरचे किती जाणकार जाऊन आले? जाणकाराने असल्या तुलना करू नयेत. कोणी केलीच तर ‘ते वेगळं’ म्हणावं आणि चहा मागवावा.

मराठी कादंबरीचा विषय निघालाच तर ठेवणीतलं वाक्य काढा, “मराठीत कादंबरी आहेच कुठे?” जोरात म्हटलं की पुरावा लागत नाही. एखादा खडूस मास्तर म्हणेल, ‘मादाम बोव्हारी’ पुस्तकरूपात आली १८५७मध्ये आणि बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’सुद्धा १८५७मध्येच आली. एकीकडे फ्रान्समधली लग्नात घुसमटलेली बाई, दुसरीकडे आपल्याकडच्या विधवांचे हाल. अशा वेळी ‘मादाम बोव्हारी’ लिहिणाऱ्या फ्लोबेरवर खटला झाला होता, असं सांगून मोकळं व्हा. खटला म्हटलं की आपल्या माणसाला त्यातच रस वाटतो, पदमनजी मागे पडतात. हेमिंग्वे तुम्ही पुलंच्या मराठी अनुवादात वाचला असेल तर ते मरेपर्यंत कबूल करू नका.

शेवटी, कधीतरी हे होणारच. कॉलेजातली एखादी पोरगी पायरीवर गाठेल आणि म्हणेल, “काका, तुम्ही मघाशी ज्याच्यावर बोललात ना, ते पुस्तक मला वाचायला द्याल?” घाबरायचं नाही. पुस्तक नाही असं म्हणायचं नाही आणि घरी या असं तर मुळीच म्हणायचं नाही. कपाळावर हात मारून सांगायचं की एकाने नेलं आणि तो पुण्याला गेला. नागपूरकराला हे लगेच पटतं. पुण्याला गेलेलं इथे काहीच परत येत नाही, पोरंसुद्धा. फक्त पुण्यात कुठे, ते बोलू नका. त्या पोरीचा एक तरी मावसभाऊ हिंजवडीत असणार आणि दिवाळीला गरीबरथने येताना तो ते पुस्तक घेऊन येईल.