पायाखालची शवपेटी आणि एक फिरता फॉरवर्ड

"सावधान! तुमच्या सीटखाली मृतदेह असू शकतो!" अशी सुरुवात असलेला एक मजकूर सध्या ग्रुपागणिक फिरतो आहे. तो ज्यांच्यापर्यंत पोचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. प्रवासी विमानांतून मृतदेह नेतात आणि ते लपवतात. खालच्या कप्प्यात हवेचा दाब नसल्यामुळे देह फुगतो, पेट्या फुटतात. तिथली हवा एसीतून वर येते आणि रोग पसरतात. पेटीतली रसायनं गळतात. पैसे मोजले की कागदपत्रं कोणी बघत नाही. उड्डाणात कोणी दगावलं तर त्याला टॉयलेटमध्ये कोंडतात. आणि अस्थी सोबत नेल्या तर थेट अटक. शेवटी अर्थातच, "जास्तीत जास्त लोकांना पाठवा".

कार्गोमध्ये, माल स्वीकारायच्या काउंटरवर, माझी काही वर्षं गेली आहेत. एरवी असला मजकूर मी दुसऱ्या ओळीनंतर वाचत नाही. पण परवा ओळखीतल्या एका ताईंचा फोन आला. त्यांचे वडील परदेशात वारले होते, कागद तयार होत होते, आणि नेमका त्याच दिवशी हा फॉरवर्ड कोणीतरी त्यांनाही पाठवला होता. "बाबांची पेटी वाटेत फुटणार नाही ना?" एवढंच त्यांनी विचारलं. म्हणून हे लिहितो आहे.

पहिला मुद्दा, लपवण्याचा. प्रवासी विमानांतून मृतदेह जातात हे खरं आहे, आणि रोज जातात. प्रवाशांना तसं सांगत नाहीत, हेही खरं. पण खाली काय आहे हे प्रवाशांना कधीच सांगत नाहीत. औषधं असोत, मोटारीचे सुटे भाग असोत की कोणाचं मांजर असो, त्याची घोषणा होत नाही. ज्यांना माहीत असायला हवं त्यांना मात्र माहीत असतं. मृतदेहाला मालवाहतुकीत स्वतंत्र कोड आहे, 'एचयूएम'. तो एअर वेबिलवर, म्हणजे मालाच्या विमान-पावतीवर येतो, पेटीच्या लेबलवर येतो, लोडिंगच्या आराखड्यात येतो. होल्डमध्ये, म्हणजे विमानाच्या खालच्या मालाच्या कप्प्यात, कोणता खास माल कुठे लावला आहे याचा कागद वैमानिकाच्या हातात जातो, त्यातही ही नोंद असते. पेटी आडवीच ठेवायची, घट्ट बांधायची, वर दुसरा माल रचायचा नाही. खाण्याच्या वस्तूंच्या शेजारी लावायची नाही, जिवंत प्राण्याच्या पिंजऱ्याजवळही नाही. लपवाछपवीचा माल इतक्या ठिकाणी नोंदवत नाहीत.

आता दाबाचं प्रकरण. फॉरवर्डमधली सगळ्यांत पक्की वाटणारी आणि सगळ्यांत चुकीची गोष्ट हीच आहे, म्हणून इथे जरा थांबू या.

प्रवासी विमानात वरची केबिन आणि खालचा होल्ड एकाच दाबाच्या नळकांड्यात असतात. मधली जमीन ही दाब अडवणारी भिंत नसते. दाब अडवतं ते बाहेरचं कवच, आणि पुढच्या-मागच्या टोकाची जाड भिंत. विमान ३५,००० फुटांवर असताना बाहेरचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम चौथा हिस्सा असतो आणि तापमान शून्याखाली ५० अंशांच्या आसपास. आत मात्र, वरही आणि खालीही, साधारण सहा ते आठ हजार फूट उंचीच्या डोंगरावर असावा तेवढा दाब राखलेला असतो. त्या कप्प्यातून कुत्री-मांजरं जिवंत प्रवास करतात ती याच कारणाने. दाब नसता तर ती पोचलीच नसती.

हे पटत नसेल तर एक जुनी, दुःखद गोष्ट बघा. १९७२ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सच्या एका डीसी-१० विमानाचं मागचं कार्गो दार कॅनडातल्या विंडसर शहरावर असताना उघडून निघून गेलं. खालच्या होल्डमधला दाब क्षणात गेला, वरच्या केबिनमधला तसाच राहिला, आणि त्या फरकाने मधली जमीन खाली खचली. जमिनीखालून जाणाऱ्या नियंत्रणाच्या तारांना इजा झाली, तरी वैमानिकांनी विमान कसंबसं उतरवलं. बाहेर फेकल्या गेलेल्या मालात एक शवपेटीही होती. दोन वर्षांनी, १९७४ मध्ये, तुर्की एअरलाइन्सच्या डीसी-१०चं तसंच दार पॅरिसजवळ उघडलं, तारा पूर्ण तुटल्या आणि विमानातली सगळी ३४६ माणसं गेली. खाली मुळात दाब नसता तर दार उघडून जमीन खचायचं कारणच नव्हतं.

तरी प्रश्न उरतो. डोंगराएवढा का होईना, दाब कमी होतोच ना? होतो. हवाबंद पेटीच्या आतली हवा थोडी प्रसरण पावते. हे नियम करणाऱ्यांना ठाऊक होतं. मृतदेहांच्या वाहतुकीवर १९३७ मध्ये बर्लिनला एक आंतरराष्ट्रीय व्यवस्था ठरली, नंतर १९७३ मध्ये युरोपातल्या देशांनी स्ट्रासबर्गला नवा करार केला. त्या करारात पेटीचं वर्णन सुताराला द्यावं इतकं बारीक आहे. बाहेरची लाकडी पेटी किमान २० मिलिमीटर जाडीची आणि आत नीट डाख देऊन बंद केलेली जस्ताची पेटी. किंवा मग ३० मिलिमीटर लाकडाची एकच पेटी, आतून जस्ताचा पत्रा. आत द्रव शोषून घेणारा थर. विमानाने न्यायची असेल तर आतला-बाहेरचा दाब जुळवणारी, हवा गाळून सोडणारी सोय हवी, नाहीतर पेटी तो ताण सोसेल याची सरकारी यंत्रणेला मान्य होईल अशी हमी हवी. ताईंना मी एवढंच सांगितलं की तुम्हाला आज जो प्रश्न पडला, तो या लोकांना पन्नास वर्षांपूर्वी पडला होता आणि त्याचं उत्तर पेटीतच बसवलेलं असतं. जगभर सगळीकडे हाच करार लागू नाही, पण गळणार नाही अशी बंद पेटी ही अट बहुतेक ठिकाणी भेटेल.

खालची हवा वर येते का? केबिनमधली हवा वरून, छताजवळून सोडतात आणि ती पायाजवळच्या जाळ्यांतून बाहेर जाते. म्हणजे ओघ वरून खाली. जी हवा पुन्हा फिरवतात ती रुग्णालयातल्या दर्जाच्या फिल्टरमधून. पण याहून पक्का पुरावा आगीच्या नियमांत आहे. मोठ्या प्रवासी विमानांतल्या कार्गो कप्प्यांना 'क्लास सी' म्हणतात. तिथे धूर ओळखणारी यंत्रणा हवी, आग विझवणारा वायू हवा, आणि तो धूर किंवा वायू घातक प्रमाणात केबिनमध्ये शिरता कामा नये. १९९६ मध्ये फ्लोरिडात व्हॅल्यूजेटचं विमान होल्डमधल्या आगीमुळे पडलं. त्यानंतर अमेरिकेने १९९८ मध्ये नियम करून जुन्या पद्धतीचे कप्पे बदलायला लावले. धूर रोखायला बांधलेल्या कप्प्यातून, हवाबंद जस्ताच्या पेटीतला जंतू निवांत वर येतो, हे मानायला फार भोळेपणा लागतो.

शिवाय माणूस गेला की त्याच्या शरीरातले बहुतेक रोगजंतू फार काळ तगत नाहीत. आपत्तीतल्या मृतदेहांमुळे साथी येतात ही समजूत जागतिक आरोग्य संघटना कितीतरी वर्षं खोडून काढते आहे. इबोलासारखे अपवाद आहेत, आणि त्यांचे नियमही वेगळे व कडक आहेत. तसा मृतदेह नेहमीच्या वाटेने काउंटरपर्यंत येतच नाही.

रसायनांचं फार लिहायचं कारण नाही. एम्बामिंगमध्ये, म्हणजे देह टिकवण्याच्या प्रक्रियेत, फॉर्माल्डिहाइडचं द्रावण रक्तवाहिन्यांतून शरीरात सोडतात, ते पेटीत बादलीभर ओतत नाहीत. ज्यांच्या धर्मात एम्बामिंग चालत नाही त्यांच्यासाठी अनेक ठिकाणी बंद पेटी आणि थंडावा यावर भागवतात. खरी काळजी घ्यावी लागते ती थंडाव्यासाठी ठेवलेल्या ड्राय आइसची. शून्याखाली ७८ अंशांवरचा तो घट्ट कार्बन डायऑक्साइड वितळत नाही, थेट वायू होतो, म्हणून धोकादायक मालाच्या यादीत आहे आणि विमानात किती चालेल याची मर्यादा आहे. फॉरवर्ड लिहिणाऱ्याला नेमकं हेच सुचलं नाही.

"कागदपत्रं कोणी बघत नाही." हे वाचून मला हसू आलं, कारण काउंटरवरची सगळ्यांत जाड फाइल हीच असायची. मृत्यूचा दाखला, एम्बामिंगचं प्रमाणपत्र, पेटी बंद केल्याचं प्रमाणपत्र, मृताचा रद्द केलेला पासपोर्ट, वकिलातीचं ना हरकत पत्र. अनैसर्गिक मृत्यू असेल तर पोलिसांचा आणि शवविच्छेदनाचा कागद वेगळा. देशागणिक यादी थोडी बदलते. पासपोर्टवर नाव एक आणि दाखल्यावर स्पेलिंग दुसरं, एवढ्यावरून पेटी संध्याकाळच्या विमानाची सकाळच्या विमानावर गेलेली मी पाहिली आहे. समोर उभ्या असलेल्या मुलाला ते सांगणं हे त्या नोकरीतलं सगळ्यांत वाईट काम होतं. तेव्हा तक्रार करायचीच असेल तर कागद जास्त लागतात अशी करा, मी सही करीन.

याच मुद्द्याखाली फॉरवर्डने एक खरी बातमी वाकडी करून घातली आहे. २०१० मध्ये इंग्लंडमधल्या लिव्हरपूल विमानतळावर एका मृत वृद्धाला गॉगल घालून, व्हीलचेअरवर बसवून बर्लिनच्या विमानात चढवायचा प्रयत्न झाला. तो जिवंत आहे असंच आपल्याला वाटत होतं, असं सोबतच्या नातेवाइकांचं म्हणणं होतं. "असं सर्रास चालतं" याचा दाखला म्हणून ही बातमी दिली आहे. पण चेक-इनच्या जागीच ते उघडकीला आलं आणि पोलीस आले, हे वाक्य तेवढं गाळलं आहे.

उड्डाणात मृत्यू होतात, पण क्वचित. २०१३ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आलेल्या अभ्यासात दर ६०४ उड्डाणांमागे एक वैद्यकीय प्रसंग आढळला, आणि ज्या रुग्णांचं पुढे काय झालं ते कळलं त्यांतले ०.३ टक्के दगावले. अशा वेळी आंतरराष्ट्रीय हवाई वाहतूक संघटनेची सूचना साधी आहे: शक्य तर कमी गर्दीच्या रांगेत हलवा, पट्टा लावा, मानेपर्यंत पांघरूण घाला, वाट आणि दारं अडवू नका, उतरल्यावर आधी बाकीच्यांना जाऊ द्या. टॉयलेटमध्ये उतरताना बांधायला पट्टा नाही, आणि काही तासांत शरीर ताठरलं की त्या अरुंद दारातून बाहेर कसं काढणार? शेजारच्या प्रवाशाला हे अवघड जातं, नाकारत नाही. सिंगापूर एअरलाइन्सच्या ए३४०-५०० विमानांत यासाठी एक खास कप्पा ठेवला होता. ती विमानं कधीच सेवेतून गेली.

अस्थींच्या बाबतीत अटक वगैरे काही नाही. बहुतेक कंपन्या रक्षाकलश केबिनमध्ये नेऊ देतात, आधी विचारून घ्यावं आणि दहनाचा दाखला जवळ ठेवावा. अडतं ते भांड्यावर. जाड धातूचा कलश असेल तर एक्स-रेमध्ये आतलं दिसत नाही, आणि दिसलं नाही तर तो पुढे जाऊ देत नाहीत. अमेरिकेत तर नातेवाइकांनी स्वतः विनंती केली तरी सुरक्षा कर्मचारी कलश उघडत नाहीत. लाकडाचं किंवा प्लास्टिकचं भांडं घ्या, घरी पोचल्यावर हव्या त्या कलशात काढा.

ताईंनी शेवटी विचारलं, मी त्याच विमानाने येऊ का. जागा मिळाली तर जरूर या, म्हटलं. फक्त उतरल्यावर सामानाच्या पट्ट्यापाशी थांबू नका, पेटी तिथे येत नाही. ती कार्गो टर्मिनलवर जाते, ते बरेचदा वेगळ्या इमारतीत आणि वेगळ्या फाटकातून असतं. कस्टम्स आणि बाकीचे सोपस्कार व्हायला दोन-तीन तास सहज जातात. तेव्हा एअर वेबिलचा नंबर घेऊन भावाला आधीच तिकडे पाठवा, आणि तुम्ही तेवढा वेळ कुठेतरी बसून घ्या.