साध्या सर्दीला अँटिबायोटिक कशाला?

पुण्यात पाऊस सुरू झाला की घराघरात सर्दी-खोकला, आणि दवाखान्यात नीट तपासायच्या आधीच चिठ्ठीवर अ‍ॅझिथ्रोमायसिन! अहो सर्दी व्हायरसने होते, अँटिबायोटिक व्हायरसला मारतच नाही, मग देता कशाला? आणि चिठ्ठी तरी कुठे लागते, मेडिकलमध्ये नुसतं 'घसा दुखतोय' म्हटलं की स्ट्रिप कापून दोन गोळ्या हातात. सेफिक्झिम हे अँटिबायोटिक तर शेड्यूल एच१ मधलं, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायचंच नाही अशा औषधांच्या कडक यादीतलं, २०१४ पासून विकताना पेशंटचं नाव रजिस्टरमध्ये लिहायचा नियम आहे, कोण लिहितंय? पेशंटही तसेच, गोळी नाही दिली की डॉक्टर बदलतात, बरं वाटलं की उरलेल्या गोळ्या डब्यात, पुढच्या महिन्यात त्याच गोळ्या शेजारच्या काकूंना! असं नको तिथे आणि अर्धवट अँटिबायोटिक घेत राहिलं की बॅक्टेरिया औषधाला दाद देईनासे होतात. २०१९ मध्ये औषधांना न जुमानणाऱ्या बॅक्टेरियामुळे जगात साधारण १२.७ लाख माणसं गेली. उद्या आपल्याच आजीला न्यूमोनिया झाला आणि एकही औषध लागू पडलं नाही तर कुणाकडे जाणार आहोत आपण?